दोन सिरिंजा, आमची आत्या आणि "चूक कोणाची?"

आमची आत्या नाशिकला इंदिरानगरात राहते, वय ७१, शुगर वीस वर्षं जुनी, आणि इन्सुलिनचं इंजेक्शन स्वतःच्या हाताने घेते याचा तिला भारी अभिमान. मागच्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला म्हणून पाच दिवस ॲडमिट होती, बरी होऊन घरी आली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसहाला वहिनीचा मला फोन, "अगं आई घामाने नुसत्या भिजल्यात, काहीतरीच बडबडतायत, मला ओळखेनात." म्हटलं आधी शुगर बघ. ४६, म्हणजे फारच खाली. गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी दिलं, मग ग्लुकोज पावडर, मग चहा-बिस्किट, आणि अर्ध्या-पाऊण तासाने आत्या उठून बसली आणि विचारते काय, तर गॅसवर दूध कोणी ठेवलंय.

मी पोचले तेव्हा ओट्यावर इन्सुलिनची नवी बाटली होती आणि शेजारी लाल टोपणाची सिरिंज. बघितलं आणि पोटात गोळाच आला.

आता हे नीट समजून घ्या, कारण घरात इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर हे माहीत असायलाच पाहिजे. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीचं मिळतं. एका एमएलमध्ये ४० युनिट, आणि एका एमएलमध्ये १०० युनिट. सिरिंजाही दोन प्रकारच्या, ४० साठी लाल टोपण आणि १०० साठी केशरी टोपण. आत्याची जुनी बाटली ४० ची होती, घरात लाल टोपणवाल्या सिरिंजांचा अख्खा डबा. हॉस्पिटलात डॉक्टरांनी इन्सुलिन बदललं, रात्री एकदाच घ्यायचं दिलं, ते १०० चं. डोस लिहिला २० युनिट. आत्याने इमानदारीत जुनी सिरिंज घेतली आणि २० च्या रेघेपर्यंत भरली. लाल सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा एमएल, आणि अर्धा एमएल नव्या इन्सुलिनमध्ये ५० युनिट. म्हणजे अडीच पट डोस, तोही रात्री झोपायच्या आधी. बरं तिचं मोजायला काही चुकलं का, तर नाही. रेघ बरोबर २० चीच होती.

मग घरात नेहमीचं सुरू झालं. चूक कोणाची? दादा म्हणाला हॉस्पिटलवाल्यांची, वहिनी म्हणाली मेडिकलवाल्याची, आत्याचे यजमान म्हणाले हिचीच, हिला सगळं येतं ना. मी गप्प बसले, कारण मी स्वतः अकरा वर्षं वॉर्डात सिस्टर होते आणि आता नाशिकातल्याच एका हॉस्पिटलच्या क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, म्हणजे कुठे काही चुकलं की त्याचा माग काढायचा हेच माझं रोजचं काम, आणि हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता तो आला की मला पुढचा अर्धा तास वाया जाणार हे कळतं.

तरी मी विचारत गेले. डिस्चार्ज कार्डावर इन्सुलिनचं नाव होतं, डोस होता, सिरिंजचं काही नव्हतं, कारण छापील कार्डात तो रकानाच नाही. सिस्टरने समजावलं होतं, पण दादाला, बिल भरून झालं होतं आणि खाली रिक्षा उभी होती, आणि दादा कधी इंजेक्शन देत नाही. मेडिकलवाल्याने चक्क विचारलं होतं, "सिरिंज देऊ का?", तर वहिनी म्हणाली घरात आहेत भरपूर. खोटं नव्हतं ते. आणि आत्याला तर कोणी काही विचारलंच नाही, ती वीस वर्षांची अनुभवी. सगळ्यांनी आपापलं काम जवळपास बरोबर केलं आणि शेवटी शुगर ४६.

याला आमच्या क्षेत्रात एक प्रसिद्ध चित्र आहे, जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास मांडलेलं. तो चीजच्या भोकं पडलेल्या चकत्यांचं उदाहरण देतो, पण आपण जाळीदार धिरडं घेऊ. चांगलं जमलेलं धिरडं उजेडासमोर धरलं की भोकाभोकातून उजेड दिसतो. अशी चार धिरडी एकावर एक धरा, उजेड दिसणार नाही, कारण एकाच्या भोकापुढे दुसऱ्याचा भरीव भाग येतो. डॉक्टर, सिस्टर, मेडिकलवाला, घरचे, हे सगळे म्हणजे एकेक धिरडं, प्रत्येकात भोकं आहेतच, कोणाला झोप कमी, कोणाला घाई, कोणाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल. रोज कुठेतरी काहीतरी निसटतं आणि पुढचा कोणीतरी अडवतो. एखाद्या दिवशी चारही भोकं एका रेषेत येतात आणि उजेड आरपार. त्या दिवशी आपण शेवटच्या धिरड्याला धरतो, शेवटचं म्हणजे पेशंटच्या सगळ्यात जवळचं, म्हणजे नव्वद टक्के वेळा सिस्टर. (नव्वद हा माझा वैतागाचा आकडा आहे, कुठल्या अभ्यासातला नाही.)

अभ्यासातले आकडे हवे असतील तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते की उपचार घेताना दर १० पेशंटमागे साधारण एकाला त्या उपचारामुळेच काही ना काही इजा होते, जगभरात वर्षाला ३० लाखांहून जास्त मृत्यू अशा असुरक्षित उपचारांमुळे होतात, आणि इजा झालेल्यांतले निम्म्याहून जास्त प्रकार टाळता येण्यासारखे असतात. ही चर्चा मोठ्या प्रमाणात सुरू झाली १९९९ मध्ये, अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने रिपोर्ट काढला की तिथल्या हॉस्पिटलांत चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० लोक मरतात. अमेरिकेत, जिथे मशिन-बिशिन सगळं भारीतलं. तेव्हा लोक हादरले. त्याच रिपोर्टचं म्हणणं होतं की यातल्या बहुतेक चुका वाईट किंवा निष्काळजी माणसांच्या नाहीत, कामाची मांडणीच अशी आहे की माणूस चुकतो.

आता हॉस्पिटलात चूक झाली की प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. पहिला प्रश्न, "ड्युटीवर कोण होतं?" दुसरा, "मेमो (म्हणजे लेखी ताकीद) दिला का?" झालं, चौकशी संपली. मेमो घेतलेली सिस्टर रडते, आठवडाभर सगळे तिच्याशी जपून बोलतात, आणि वॉर्डातल्या बाकीच्या पंधरा जणी एकच गोष्ट शिकतात, ती म्हणजे चूक झाली तर सांगायची नाही. मॅनेजमेंटला वाटतं मेमो दिल्यावर चुका कमी झाल्या. चुका तेवढ्याच असतात हो, कागदावर कमी होतात.

मला हे माहीत आहे कारण मी पण नव्हतं सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, रात्रपाळी, दोन पेशंट, आडनाव दोघांचंही पवार, आणि एकाचं अँटिबायोटिक मी दुसऱ्याला लावलं. पाच मिनिटांत लक्षात आलं, बंद केलं, रात्रभर त्या माणसाच्या कॉटजवळ घिरट्या घातल्या की अंगावर काही उठतंय का, श्वास नीट आहे का. काही झालं नाही. सकाळी हॅन्डओव्हर दिला तेव्हा एक अक्षर बोलले नाही. दोन-तीन महिने मला रोज औषध लावताना हात कापल्यासारखा व्हायचा. याला नंतर नाव आहे हे कळलं, ज्याच्या हातून चूक होते त्याला या विषयात "दुसरा बळी" म्हणतात, २००० साली अल्बर्ट वू या डॉक्टरने हा शब्द वापरला. काही लोकांना तो शब्द आवडत नाही, म्हणतात खरा बळी पेशंट, यांचं काय कौतुक. त्यांचंही बरोबर आहे. पण मी गप्प बसले त्याचा परिणाम बघा, त्या वॉर्डात एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारी-शेजारी ठेवायची पद्धत तशीच चालू राहिली, आणि पुढे कोणाच्या बाबतीत काय झालं असेल देव जाणे.

नाशिकमध्ये पवार, जाधव, आहेर, शिंदे यांची काय कमी आहे का. त्यात आपली सवय, "बारा नंबरला सलाईन लाव". बारा नंबरचा पेशंट दुपारी एक्स-रेला गेला, तेवढ्यात बेड बदलला, संध्याकाळी बारा नंबरला दुसराच माणूस. आणि नाव विचारायची पण एक गंमत आहे. "तुम्हीच पवार ना?" असं विचारलं की कमी ऐकू येणारे आजोबा हमखास मान डोलावतात, सिस्टर काहीतरी चांगलंच विचारत असणार या विश्वासाने. म्हणून नियम असा की "आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं आणि हातातल्या पट्ट्यावरच्या नावाशी आणि नंबरशी जुळवायचं. दहाव्यांदा नाव विचारल्यावर पेशंट चिडतात की "सकाळपासून इथेच आहे, अजून नाव माहीत नाही का". माहीत असतं काका, तरी विचारतो. विचारलं नाही तर तुम्ही चिडा.

चूक होता होता वाचली की त्याला आम्ही निअर मिस म्हणतो. माझ्या मते अख्ख्या विषयात सगळ्यात मौल्यवान गोष्ट हीच, कारण कोणाला काही झालेलं नसतं, नातेवाईक चिडलेले नसतात, पोलीस नसतात, आणि भोक कुठे आहे ते मात्र लख्ख दिसतं. फुकट मिळालेला धडा. एक सांगते. एका नव्या पोरीने, नोकरीला दोन महिने झालेल्या, मला येऊन सांगितलं, "मॅडम, आज मी डिस्टिल्ड वॉटर म्हणून पोटॅशियमची अँप्यूल (औषधाची छोटी बंद कुपी) उचलली होती, फोडायच्या आधी वाचलं." पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता एकदम शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, इतकं सरळ आहे ते. मी वॉर्डात गेले, ट्रे बघितला, दोन्ही १० एमएलच्या, दोन्ही पारदर्शक प्लास्टिकच्या, दोन्हीवर बारीक अक्षरं, आणि एकाच कप्प्यात शेजारी. स्टोअरने त्या महिन्यात कंपनी बदलली होती, आधीची अँप्यूल वेगळी दिसायची. पोरीला मेमो दिला असता तर काय झालं असतं, अँप्यूल तिथेच राहिली असती आणि रात्री तीनला, चौदा तास उभं राहिलेल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आली असती. आम्ही काय केलं, तर ज्या वॉर्डांना रोज लागत नाही तिथून पोटॅशियम उचललंच. लागेल तेव्हा फार्मसीतून मागवा. हे काही आमचं डोकं नाही, इंग्लंडमध्ये पेशंट सेफ्टीसाठी जी राष्ट्रीय संस्था काढली तिचा २००२ मधला पहिला अलर्टच पोटॅशियम क्लोराइडवर होता, वॉर्डांतून ते काढून कुलुपात ठेवा म्हणून.

या पोटॅशियमच्या गोष्टीत एक तत्त्व आहे ते जरा थांबून बघू. चूक सापडल्यावर उपाय दोन जातीचे असतात. एक, माणसाला सांगायचं की नीट लक्ष दे, म्हणजे ट्रेनिंग घ्यायचं, भिंतीवर सूचना चिकटवायची, ग्रुपवर मेसेज टाकायचा. दुसरा, वस्तूच अशी करायची की चूक करताच येऊ नये. एटीएम आठवा, बऱ्याच मशिनमध्ये आधी कार्ड काढून घ्यावं लागतं मगच पैसे येतात, कारण पैसे हातात आले की माणूस कार्ड विसरून चालायला लागतो. ऑपरेशन थिएटरात भूल देण्याच्या मशिनला ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडचे छोटे सिलेंडर लावतात, त्यांच्या जोडणीला पिना आणि भोकं असतात आणि प्रत्येक गॅसची जागा वेगळी, त्यामुळे नायट्रसचा सिलेंडर ऑक्सिजनच्या जागी बसतच नाही, तुम्ही कितीही दमलेले असा. व्हिन्क्रिस्टिन नावाचं कॅन्सरचं औषध आहे, ते शिरेतूनच द्यायचं असतं, पाठीच्या कण्यात गेलं तर पेशंट जवळपास वाचतच नाही, आणि जगभर ते चुकून कण्यात दिलं गेलंय, शिकलेल्या, हुशार डॉक्टरांकडून, कारण त्याच दिवशी कण्यात द्यायचं दुसरं औषधही सिरिंजमध्येच यायचं. लाल अक्षरात सूचना लिहूनही हे थांबलं नाही. मग असं सुचवलं की व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीत द्या. पिशवी कोणी पाठीच्या सुईला जोडायला जाणार नाही.

भिंतीवरची सूचना सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून सगळ्यात जास्त वापरला जातो. आमच्या एका वॉर्डात हात धुण्याबद्दल चार पोस्टर होती आणि बेसिनचा नळ बिघडलेला.

पण वस्तू बदलूनही माणूस पळवाट काढतोच, हे नाशिककरांना मी काय सांगायचं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपल्याकडे "नो हेल्मेट, नो पेट्रोल" सुरू झालं होतं. कल्पना चांगली, आणि पंपावर रांगेतल्या मागच्याचं हेल्मेट मागून घेणारे, पेट्रोल भरून परत देणारे महाभाग मी स्वतः बघितलेत. हॉस्पिटलात तेच. औषध देण्याआधी पट्ट्यावरचा बारकोड स्कॅन करायची सिस्टिम आली की कोणीतरी सगळ्या पेशंटचे बारकोड एका कागदावर चिकटवून टेबलाशी ठेवतं, तिथूनच स्कॅन. अशी पळवाट दिसली की मी ओरडत नाही, विचारते की का, आणि उत्तर बहुतेक वेळा खरं असतं, स्कॅनरची वायर बेडपर्यंत पोचत नाही.

चेकलिस्टचंही असंच. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची चेकलिस्ट काढली, भूल देण्याआधी, चिरण्याआधी, आणि पेशंट ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरातून, बाहेर जाण्याआधी, तीनदा थांबून मोठ्याने विचारायचं, पेशंट कोण, ऑपरेशन कुठलं, कुठल्या बाजूचं, ॲलर्जी आहे का, गॉझ (रक्त टिपायच्या कापडाच्या घड्या) मोजले का. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत हे करून बघितलं, त्यात दिल्ली पण होती, आणि ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ वर आलं, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. एका कागदाने! मग काय, सगळीकडे कागद. पण उत्तर प्रदेशात बाळंतपणासाठीच्या अशाच चेकलिस्टचा मोठा अभ्यास झाला, १२० सरकारी केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतिणी, २०१७ मध्ये निकाल आले, आणि सिस्टरांच्या कामाची पद्धत सुधारली पण आई आणि बाळांचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. आता यावरून चेकलिस्ट बिनकामाची म्हणायचं का? माझ्या मते नाही, पण रक्त हवं तेव्हा रक्त नसेल, पुढे पाठवायला गाडी नसेल, तर टिकमार्क काय करणार बिचारा. आणि दुसरी गोष्ट, मी ओटीच्या बाहेर चहा पिता पिता आख्ख्या दिवसाच्या चेकलिस्टांवर एकदम टिक मारणारे बघितलेत. ती चेकलिस्ट नाही, ती हजेरी.

चेकलिस्टचा खरा फायदा मला वाटतो वेगळाच, ती ज्युनिअरला बोलायची परवानगी देते. आपल्याकडे सरांना टोकणं म्हणजे काय ते ओटीत काम केलेल्यांना विचारा. इंग्लंडमध्ये २००५ मध्ये एलेन ब्रॉमिली नावाची बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेली, भूल दिल्यावर श्वासाची नळी बसेना, तीन अनुभवी डॉक्टर नळीच बसवायच्या मागे लागले, वीस मिनिटांहून जास्त वेळ ऑक्सिजन खाली, आणि नर्सेसना कळलं होतं. एकीने गळ्याला छेद द्यायचा सेट आणून ठेवला, एकीने आयसीयूत बेड सांगितला, पण डॉक्टरांनी त्याकडे लक्ष दिलं नाही आणि जोर करून बोलायचं कसं हे त्यांना समजेना. बाई काही दिवसांनी गेली. तिचा नवरा मार्टिन ब्रॉमिली पायलट होता, त्याने विचारलं की चौकशी कधी करणार, तर त्याला कळलं की तुम्ही केस केल्याशिवाय अशी चौकशी करायची पद्धतच नाही. विमानाच्या क्षेत्रात हे त्याच्या कल्पनेतच बसत नव्हतं. तिकडे अमेरिकेत १९७६ पासून अशी सोय आहे की पायलटने आपली चूक लिहून कळवायची, ती पण लायसन्स देणाऱ्या खात्याला नाही, नासाला, नाव गुप्त राहतं. त्या माणसाने शिक्षा मागितली नाही, पुढची अनेक वर्षं हॉस्पिटलांना शिकवत राहिला की गर्दीत, घाईत माणसाचं डोकं कसं चालतं.

आमच्याकडे आता एक वाक्य ठरवून दिलंय, "सर, एक मिनिट थांबूया." कोणीही म्हणू शकतं, मावशीसुद्धा. पहिल्या वर्षी कोणीच म्हणालं नाही. मग एकदा एका सिनिअर सर्जनने स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं की परवा ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, मला थांबवलं म्हणून डाव्याऐवजी उजवा गुडघा ऑपरेशनसाठी रंगवायचा वाचला, त्यानंतर बोलायला लागले. साहेबाने आधी स्वतःची चूक सांगितल्याशिवाय खालचा माणूस तोंड उघडत नाही, ट्रेनिंगं कितीही घ्या.

फोनवरच्या ऑर्डरींचं एक लहानसं. फिफ्टीन की फिफ्टी हे रात्री फोनवर ओळखून दाखवा. म्हणून ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, "सर, वन फाइव्ह, पंधरा, बरोबर?" आणि "यू" असं लिहायचं नाही, "युनिट" पूर्ण लिहायचं, कारण घाईत लिहिलेला यू शून्यासारखा दिसतो आणि २० युनिटचे २०० होतात.

आता काही जण म्हणतील म्हणजे कोणाला शिक्षाच करायची नाही का. करायची ना. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून कॉलेज रोडला जाणं ही चूक, त्याला शिक्षा करून काय होणार. हेल्मेट कोपरात अडकवून गंगापूर रोडने जाणं ही धोक्याची सवय, त्याला समजावायचं आणि बघायचं की सगळेच असं का करतात. आणि पिऊन गाडी चालवणं हा बेदरकारपणा, तिथे शिक्षाच. हॉस्पिटलात तिन्ही असतात, आपण तिन्हीला एकच मेमो देतो हा घोटाळा आहे. कायदाही आहेच, पेशंट ग्राहक आहे हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. भरपाई मिळाली पाहिजे, लपवाछपवी करणाऱ्याला सोडू नये, याबद्दल वादच नाही. पण कोर्टाचा निकाल लागून पुढच्या वॉर्डातली अँप्यूल हलत नाही.

आपल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. २१ एप्रिल २०२१, महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन हॉस्पिटल, कोविडची दुसरी लाट, ऑक्सिजनच्या टाकीतून गळती, पांढरा धूर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला, प्रेशर पडलं आणि त्या दिवशी २२ पेशंट गेले. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी दोषी कोण विचारणारच, विचारलंच पाहिजे. पण माझ्यासारखीला त्या दिवसापासून दुसरे प्रश्न झोपू देत नाहीत. प्रत्येक हॉस्पिटलात मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हे रात्रपाळीच्या किती जणांना माहीत आहे? पाइपमधलं प्रेशर पडलं की अलार्म कुठे वाजतो, कोणाच्या कानापर्यंत? टाकी बंद पडली तर जम्बो सिलेंडरवर किती मिनिटांत जाता येतं, आणि ते कधी करून बघितलंय का, की फक्त फाइलीत आहे? त्याच २०२१ मध्ये भंडाऱ्याला जानेवारीत नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली, एप्रिलमध्ये विरारला आयसीयूला आग, १५ गेले, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला सिव्हिलच्या आयसीयूला आग, ११ गेले. एका राज्यात, एका वर्षात. प्रत्येक वेळी चौकशी समिती बसली. पहिल्या आगीत जे कळलं ते दुसऱ्या गावातल्या वायरमनपर्यंत आणि सिस्टरपर्यंत पोचलं का, हे विचारणारी समिती मला कुठे दिसली नाही.

शिकता येत नाही असं नाही. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला सरदार चौकाच्या भागात चेंगराचेंगरी झाली, ३९ भाविक गेले. नाणी उधळली म्हणून गर्दी उसळली असं तेव्हा सगळे म्हणत होते, म्हणजे नाणी फेकणारा दोषी. पण अरुंद उताराची गल्ली आणि दोन्हीकडून दाटलेली माणसं नसती तर नाण्यांनी काय होणार होतं? २०१५ ला गर्दीची आखणी वेगळी केली आणि तसं काही घडलं नाही. उलट पहिल्या पर्वणीला पोलिसांनी इतकी बॅरिकेड लावली की नाशिककरच घरात अडकले, शिव्या पडल्या, मग पुढच्या पर्वणीला ढिलं केलं. हे पण शिकणंच आहे.

तुम्ही पेशंट किंवा नातेवाईक म्हणून काय करू शकता, तर घरातल्या माणसाच्या सगळ्या गोळ्यांची यादी, डोससकट, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आयुर्वेदिक काढेसुद्धा. मेथोट्रेक्सेटसारखी गोळी संधिवाताला आठवड्यातून एकदाच असते, कोणी रोज घेतली तर जीवावर बेततं, तेव्हा नवी गोळी मिळाली की "रोज की आठवड्याला?" हे विचारायला लाजू नका. औषधाने काही विचित्र झालं तर १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री नंबरवर पेशंटही कळवू शकतो, ही औषधांवर नजर ठेवणारी यंत्रणा देशात २०१० पासून आहे आणि माझ्या ओळखीतल्या एकाही पेशंटला ती माहीत नव्हती. केसपेपर मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. आणि काही चुकल्यासारखं वाटलं तर आवाज चढवण्याआधी "हे नेमकं कसं झालं ते मला सांगा आणि परत होऊ नये म्हणून काय करणार ते लिहून द्या" असं म्हणून बघा. काच फोडण्यापेक्षा या वाक्याला हॉस्पिटलं जास्त घाबरतात, मी आतली आहे म्हणून सांगते.

आत्याचं राहिलंच. ती ज्या हॉस्पिटलात होती तिथे मी सगळं लिहून पाठवलं, त्यांनी काय केलं माहीत नाही. आमच्याकडे मात्र इन्सुलिनच्या पेशंटला सोडताना आता त्या इन्सुलिनची सिरिंज त्याच पिशवीत देतो, आणि घरी जो टोचणार आहे त्यालाच बोलावून साध्या पाण्याने डोस भरून दाखवायला सांगतो. हे आत्यावरच आधी करून बघितलं, तिच्या स्वयंपाकघरात. "मला शिकवते का आता" म्हणत तिने केशरी टोपण काढलं, पाणी ओढलं, खिडकीकडे धरून बघितलं आणि म्हणाली, "हे घे, वीस." मी हातात घेऊन बघितलं तर २६.

"आत्या, चष्मा कुठाय?"

"देवघरात. पोथीला लागतो तेवढाच."

आता आमच्या फॉर्मवर चष्म्याचाही एक रकाना आहे.